चेष्टा

दूधविनायक, काशी
१७ नोव्हेंबर २०२४

बकुळ,

पाकिटावरचं अक्षर मुक्ताचं आहे, म्हणून तू ते फोडलंस. माझ्या अक्षरातली पाकिटं तू न फोडता परत पाठवायचीस. आमचा जुना पोस्टमन मग गल्लीतूनच ओरडायचा, "गुरुजी, आपका माल लौट आया!" तेव्हा आजची ही लबाडी माझी आहे, पोरीला बोल लावू नकोस. मी तिला म्हटलं, एवढा साताऱ्याचा पत्ता लिहून दे. ती म्हणाली, "पत्ता लिहिते. आतलं तुमचं तुम्ही बघा." आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यावासा वाटला तर घे, नाही तर राहू दे पाकिटातच, जागा फार अडवणार नाही.

मुक्ता इथल्या रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून रुजू झाली, हे तुला माहीतच आहे. मला मात्र गेल्या रविवारी कळलं, ती दारात उभी राहिली तेव्हा. लतिका कणीक मळत होती, ती तशीच हात बरबटलेले घेऊन बाहेर आली आणि तिथेच थबकली. मीही थबकलो. आमच्या धाकट्या विष्णूचं कपाळ, विष्णूच्या त्या जुळलेल्या भुवया, आणि उभं राहण्याची तीच तऱ्हा, एक पाय पुढे, जणू आत्ता कुणाशी कुस्ती आहे. फक्त बोलणं तुझं, स्वच्छ साताऱ्याचं. आम्ही दोघा नवरा-बायकोंनी इतक्या वर्षांत जी मुलगी एकदाच, तीही दुपट्यात गुंडाळलेली पाहिली, ती एवढी मोठी होऊन दारात आली होती. तिने नमस्कार केला, पण लांबूनच, कचेरीतल्या साहेबाला करावा तसा.

"मी गाडीसाठी आलेय," ती म्हणाली. "बाबांची मोटारसायकल अजून आहे, असं कळलं. तुमच्यासाठी नाही आले."

मला हे बोलणं फार आवडलं, खरं सांगतो. पाठशाळेत जन्मभर मुलं शिकवली. मनातलं असं पहिल्या वाक्यात ठेवणारी फार थोडी भेटली. लतिका मात्र घाबरली. "अगं, आधी बैस तर. पाणी पी. गाडी कुठे भागून जातेय?" म्हणत तिने गुळाचा खडा पुढे केला.

गाडी जिन्याखालच्या खोलीत आहे. विष्णू गेल्यापासून तिथेच. पुराची चाहूल लागली की मी ती विटांवर चढवतो, पाणी ओसरलं की उतरवतो. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, आणि साखळीला तेल देतो. याहून जास्त मला कळत नाही. मुक्ताने चादर ओढून काढली, खाली उकिडवी बसली आणि साखळीवरून नख फिरवलं. नखात काळपट पिवळं काहीतरी आलं. तिने त्याचा वास घेतला.

"हे काय आहे?"

"सरसोंचं तेल. दर खंडेनवमीला देतो, न चुकता."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही साखळीला फोडणी दिलीय."

काका हा शब्द तिच्या तोंडून चुकून निसटला असावा. पण निसटला. मी हसलो, लतिका हसली. ती हसली नाही, पण ओठ आवळून धरायला तिला कष्ट पडले, ते मी पाहिलं.

जाताना मी तिला विचारलं, तुझी आई माझी पत्रं का परत पाठवते, मी काय केलं? तिने चपला घालता घालता सांगितलं, "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय." आणि गेली.

बकुळ, मी काय कबूल केलंय? विष्णूचं सगळं आटोपल्यावर, सव्वा महिना झाला तशी तू बाळाला घेऊन आलीस, दोन दिवस राहिलीस आणि गेलीस ती गेलीसच. आमच्या हातून काही कमी-जास्त झालं असेल. घरात आम्ही दोघंच, रीतभात कुणी सांगणारं नव्हतं. पण कबूल केलं असं म्हणशील, तर ते काय, एवढं तरी कळव. माणसाला शिक्षा झाली तर गुन्हा तरी सांगतात. आता माझं वय झालं. हे कळल्याशिवाय जायची माझी इच्छा नाही.

रत्नाकर

----

दूधविनायक, काशी
८ डिसेंबर २०२४

बकुळ,

उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. मी याला प्रगती समजतो.

तुझी मुलगी दर रविवारी येते. सकाळी येते, मफलर खुंटीला अडकवते, बाह्या सरसावते आणि जिन्याखाली शिरते. मी बाहेर स्टुलावर बसतो. मला हात लावू देत नाही. फक्त सामान पुढे करायला परवानगी आहे. तेरा नंबरचा पाना आणि चौदा नंबरचा पाना यांतला फरक मला अजून डोळ्यांनी कळत नाही, पण ती आता हातात घेऊन नुसती 'हं' म्हणते, त्यावरून चुकलं ते कळतं. वैयाकरणाला या वयात शागिर्दी करावी लागली, आणि मला ती गोड वाटते आहे.

तू हे पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. मला वाटायचं, बंद पडलेली गाडी सुरू करायची म्हणजे पेट्रोल ओतायचं आणि लाथ मारायची. मुक्ताने पहिल्या दिवशी लाथ मारायच्या दांड्याला हातसुद्धा लावला नाही. "आत गंज असेल. जोर केला तर असलेलंही मोडेल," म्हणाली. तिने प्लग काढला आणि त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं, आणि चक्क निघून गेली. पुढच्या रविवारी येऊन गाडी गियरमध्ये टाकून मागचं चाक हातांनी अगदी हलके हलके पुढे-मागे केलं. हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा निघून गेली. मी म्हटलं, जरा दम लावून ओढ की! ती म्हणाली, "काका, त्याला सवय राहिली नाहीये. त्याला आठवू द्या." तिसऱ्या खेपेला चाक सुपारीएवढं सरकलं. तिने काही आरडाओरडा केला नाही. हात पुसले आणि लतिकाला म्हणाली, "काकू, चहा करता?" लतिकाने त्या दिवशी चहाबरोबर शिराही केला.

टाकीत पेट्रोल कसलं, लाखेसारखा डिंक होता. तो काढल्यावर तिने आत मूठभर नटबोल्ट टाकले, रॉकेल ओतलं, टाकी गोधडीत गुंडाळली आणि माझ्या मांडीवर दिली. "हलवा." मी अर्धा दिवस ते बाळ जोजवत बसलो. समोरचे बंगाली डॉक्टरबाबू खिडकीतून विचारत होते, पंडितजी, नातू झाला काय? मी म्हटलं, हो, जरा गंजलेला आहे.

परवा ती मला रामनगरला घेऊन गेली. क्लचची केबल आणि कसलंसं एक डबडं इकडे मिळेना. पुलापलीकडच्या बाजारात जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक म्हातारा बसतो. त्याने तिला आधी विचारलंच, "भइया को नहीं लायीं साथ में?" मुक्ता म्हणाली, "भइया को पाना पकड़ना नहीं आता." मग दोघांची अशी जुंपली की मला त्यातलं एक अक्षर कळेना. शेवटी त्या गृहस्थाने स्वतः उठून माळ्यावरून ते डबडं काढून दिलं. येताना ती रिक्षात माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर ते डबडं घेऊन. मला विष्णूची इतकी आठवण आली की मी गंगेकडेच पाहत बसलो.

एक गोष्ट खटकली, तीही सांगतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, गप्प बसवत नाही. काम चाललेलं असताना मी तिला सांगत होतो, तुझा बाप एक नंबरचा घाबरट, शिंक आली की न्यूमोनिया झाला म्हणायचा, आणि आम्ही त्याला कसे हसायचो. तिने पाना खाली ठेवला. चेहरा एकदम बंद झाला. म्हणाली, "बाबांना हसू नका. तुम्ही तर मुळीच नको." आणि उरलेला दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला काय दुखावलं ते मला कळलं नाही. पण ज्या पोरीने बापाला डोळ्यांनीही पाहिलं नाही, ती त्याच्यासाठी अशी उभी राहते, हे पाहून मला तिच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली. तू तिला फार चांगलं वाढवलं आहेस. हे सांगायला मला आणखी कुणी नाही, म्हणून तुलाच सांगतो.

रत्नाकर

----

दूधविनायक, काशी
२९ डिसेंबर २०२४

बकुळ,

आज मला माझा गुन्हा कळला. मुक्ता हेच तुला फोनवर सांगणार होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, हे फोनवर झालं आहे, फोनवर निस्तरायचं नाही.

जसं घडलं तसं सांगतो. आज सगळे भाग जोडून झाले होते. नवं पेट्रोल, त्यात मोजून तेल, नवी केबल, हवा भरलेली चाकं. दुपारी तिने गाडी गल्लीत काढली आणि किक मारायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही. धुकं इतकं की समोरचं दार दिसत नव्हतं, आणि पोरगी घामाने निथळत होती. गल्ली जमा झाली. "धक्का दो बिटिया", "चोक खींचो", "पंडित जी, नारियल फोड़िए". तिने सगळ्यांना हात जोडून घालवून दिलं. पुन्हा मारल्या. काही नाही. शेवटी ती पायरीवर बसली, पोटरी चोळत. म्हणाली, "नाही होणार, काका. मला वाटलं होतं जमेल."

माझा जीव तुटला. मी तिच्या शेजारी बसून म्हटलं, "मुक्ता, आणखी एकदा चेष्टा कर."

तिने मान वर केली. "काय?"

"म्हटलं, एकदा आणखी चेष्टा कर. एवढी केलीस, थोडी अजून केलीस की होईल."

"कुणाची चेष्टा?"

"कुणाची म्हणजे? तूच करायची. चेष्टा. कोशिश गं!"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की मला वाटलं, हिला चक्कर येते आहे. अगदी हळू विचारलं, "काका, चेष्टा म्हणजे कोशिश?"

"नाही तर काय?"

वरून लतिका म्हणाली, "यांना सोपं बोलायला येतंच कुठे! पाठशाळेत पढवून पढवून जिभेला संस्कृत लागलंय. कोशिश म्हणायला काय होतं?"

"आणि थट्टेला?" मुक्ताने विचारलं. "कुणाला हसणं, टिंगल करणं, त्याला काय म्हणता तुम्ही लोक?"

"मजाक," मी म्हटलं. "कधी थट्टा."

तिने तेलाने माखलेले दोन्ही हात डोक्याला लावले. "आई गं," एवढंच म्हणाली. मग तिने मला सांगितलं. तू तिला सांगितलं होतंस की ज्या दिवशी तिच्या बाबांच्या छातीत कळ आली, त्या दिवशी काकांनी त्यांची दिवसभर चेष्टा केली. ती चेष्टा करण्यात वेळ गेला आणि बाबा गेले. आणि हे काकांनी फोनवर सांगितलं, आणि पुढे समोरासमोर विचारलं तेव्हा गंगाजळ हातात घेऊन कबूलही केलं.

हो, केलं. मला ते जसंच्या तसं आठवतं. त्या दिवशी साताऱ्याची लाइन लागली तेव्हा खरखर इतकी होती की तुझा नुसता श्वास ऐकू येत होता. मी रडत ओरडत होतो, खूप चेष्टा केली गं, शेवटपर्यंत चेष्टा केली, पण तो गेला. मग तू बाळाला घेऊन आलीस. देवघराच्या दारात उभी राहून मला विचारलंस, "भाऊजी, तुम्ही खरंच चेष्टा केलीत?" मला वाटलं, तू विचारते आहेस, खरंच सगळं केलंत ना, काही कसर ठेवली नाही ना? मी गंगाजळाचा तांब्या उचलला आणि म्हटलं, "गंगेची शपथ, केली. माझ्याकडून जितकी झाली तितकी केली."

आणि तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी इतकी वर्षं दुःखाची समजत होतो.

'ध'चा 'मा' व्हायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. आपल्यात तेवढंही बदललं नाही. शब्द तोच, तुझ्या गावी एक आणि माझ्या गल्लीत दुसरा. आम्ही पिढ्यान्पिढ्या काशीचे; शाळेच्या हिंदीत चेष्टा, बंगाली शेजाऱ्यांच्या तोंडी चेष्टा, संस्कृतात तर ती धडपडच. मराठी पुस्तकांत मी तो तुझ्या अर्थाने वाचलाही असेल, पण पुस्तकात वाचलेलं तोंडाला थोडंच कळतं! आणि तुझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, त्यातलं अर्धं तू माहेरी. तुला आमची बोली कळणार कधी?

त्या दिवशी मी काय केलं ते आता साध्या शब्दांत सांगतो. विष्णूला कळ आली ती सकाळी. मी हसलो नाही, बकुळ. एरवी हसलो असतो, पण त्याचं तोंड पाहिलं आणि हसू आलं नाही. गल्लीत रिक्षा येत नाही. त्याने मला दोन-तीनदा विद्यापीठाच्या रस्त्यावर ही मोटारसायकल शिकवली होती. म्हटलं, हिच्यावर बसवून नेतो. त्याला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं आणि किका मारल्या. ती सुरू झाली नाही. मग शेजारच्या चौघांना हाका मारल्या आणि खाटेवरून त्याला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षाने दवाखान्यात. तिथे डॉक्टरांनीही दुपारपर्यंत खटपट केली. त्या दिवशी गाडीत काय बिघडलं होतं, हे मी आज मुक्ताला विचारलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांच्या गंजाखाली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण छातीत कळ आलेल्या माणसाला गाडीवर बसवून नेणं बरं नसतंच, काका. खाट बरोबर होती." तिने हे म्हटलं आणि मी तिच्यापुढे लहान मुलासारखा रडलो.

मला राग आला आहे, तोही लपवत नाही. एवढी वर्षं तू मला असा माणूस समजलीस? सख्खा भाऊ तळमळत असताना हसत बसणारा? पुन्हा एकदा विचारायचं होतंस, एक शिवी तरी द्यायची होतीस, मी उलट विचारलं असतं. संध्याकाळपर्यंत मी असाच धुमसत होतो. मग वाटलं, जो माणूस रोज सगळ्यांना हसतो, आणि वर गंगाजळ हातात घेऊन कबूल करतो, त्याच्याविषयी बाळंतिणीने आणखी काय समजायचं होतं? मी तुझ्या जागी असतो तर पाकिटं परत पाठवली नसती, जाळली असती.

या शब्दाचा अर्थ कोणता खरा, ते लतिकाला विचार, समोरच्या डॉक्टरबाबूंना विचार, कुठलाही कोश काढून बघ. मी मात्र तो यापुढे तोंडातून काढणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

रत्नाकर

----

दूधविनायक, काशी
१९ जानेवारी २०२५

बकुळ,

तुझा फोन आला तेव्हा मी तुला म्हटलं, याचं उत्तर लिहून कळवतो. तुला राग आला असेल. पण माझी जीभ आणि टेलिफोन यांनी मिळून एकदा आपलं नातं मोडलं आहे. पुन्हा त्या दोघांवर विसंबायचा मला धीर झाला नाही.

आधी गाडीचं सांगतो, कारण ते त्याच दिवशी झालं. मुक्ताला मध्ये सुट्टी नव्हती. आली ती, आधी जुन्यावरच भागेल म्हणून बाजूला ठेवलेलं रामनगरचं ते डबडं बसवायचं ठरवूनच. त्याला कंडेन्सर म्हणतात, हे मला आता पाठ झालं आहे. तिने मला प्लग हातात धरायला सांगितला, ठिणगी पडते का बघायला. कुठे धरायचा ते सांगितलं होतं, मी धरला भलतीकडे. असा झटका बसला की माझ्या तोंडून शुद्ध वैदिक स्वरात किंकाळी निघाली. मुक्ता हसली. पहिल्यांदा, खळखळून, जमिनीवर बसून. "काका, ठिणगी आहे!" म्हणाली.

मग गाडी गल्लीत. दोन किका वाया गेल्या. तिसरीला ती खोकली. चौथीला अशी पेटली की गल्ली पांढऱ्या धुराने भरून गेली. खिडक्या धडाधड बंद झाल्या, कोपऱ्यावरची गाय उठून पंचगंगा घाटाकडे चालती झाली. आणि त्या धुरातून तो आवाज. लतिका जिन्यातच बसली आणि पदर तोंडाला लावला. रोज संध्याकाळी तो आवाज आला की ती पोळ्या लाटायला घ्यायची. धुरात तुझी मुलगी उभी होती, एक पाय पुढे, कान इंजिनाकडे लावून, मूठ अगदी हलकी फिरवत. तिने विजयाची आरोळी दिली नाही. ती ऐकत होती. जन्मात जो आवाज ऐकला नाही, तो तिने बापाच्या गाडीतून स्वतःच्या हातांनी बाहेर काढला होता. मी पुष्कळ विद्वान पाहिले आहेत, बकुळ, सभा गाजवणारे. ज्यांचा सन्मान करावासा वाटला, अशी माणसं थोडीच.

तिने मला मागे बसवलं. गल्लीतून पायी ढकलत रस्त्यापर्यंत, मग पुलावरून रामनगर. मी पूल संपेपर्यंत डोळे मिटून स्तोत्र म्हणत होतो. "काका, जोरात म्हणा, मला ऐकू येत नाही," असं ती ओरडत होती. त्या दुकानदाराने गाडी पाहिली आणि आपल्या खुर्चीवरून उठून उभा राहिला. परत आलो, तर लतिका दारात. म्हणाली, "बकुळचा फोन आलाय. थांबलीय. धरून आहे."

तुझा आवाज ओळखू आला नाही, जाड झाला आहे. माझाही तुला ओळखू आला नसेल. तू माफी मागायला लागलीस, ती मी ऐकून घेतली नाही, आणि इथेही लिहून देत नाही. त्यात तुझं काही चुकलं नाही. मग तू ते दुसरं सांगितलंस. ते मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात विष्णूने तुला कळवलं होतं की बारशाला मोटारसायकलवरून साताऱ्याला येतो, आणि तू फोनवर त्याच्यावर ओरडलीस की एवढ्या लांब गाडीने आलात तर बाळाचं तोंड दाखवणार नाही, आणि फोन आपटलास. ते तुमचं शेवटचं बोलणं. तू म्हणालीस, चेष्टेचं तर आता मिटलं, पण हे कसं मिटणार? आणि विचारलंस, "भाऊजी, शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं होतं का?"

घेतलं होतं.

मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मला त्याचा अर्थच कळला नव्हता. वाटलं, वेदनेत माणूस काहीही बरळतो, ते बाळंतिणीला कशाला सांगायचं? परत आलेल्या पत्रांतही मी ते कुठे लिहिलेलं नाही. इतकी साधी गोष्ट होती ती.

मी किका मारत होतो. विष्णू ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, छातीवर हात धरून. त्याला बहुधा वाटलं, मी गाडी काढतो आहे ती त्याच्या साताऱ्याच्या प्रवासासाठी. त्याने मला थांबवलं. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो, माझा एकही मिसळत नाही:

"दादा, राहू दे ती. गाडीने नाही जात मी. बकुळला सांग, रेल्वेनेच येतो. तिला म्हणावं, रागावू नको."

रत्नाकर